दाजींनी न दिलेला निरोप

दाजींसमोर युनिव्हर्सिटीचं नाव काढायची सोय नव्हती. कुणी काढलंच तर ते हात पुसत म्हणायचे, "तिथे शहाणी माणसं आत जातात आणि गाढवं होऊन बाहेर पडतात. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय." मग पुढची दहा मिनिटं कुणी कामाचं बोलायचं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताईचं लग्न झालं तेव्हा मी शाळा संपवून उंडारत होतो. त्यांनीच मला पकडून आपल्या वर्कशॉपमध्ये नेलं आणि शेजारच्या लेथवर उभं केलं. "मेव्हणेबुवा, बहिणीच्या घरी जेवायला येताच, तर हातालाही काही काम द्या," म्हणाले. आज सव्वीस वर्षं झाली, मी त्याच लेथवर आहे. लोखंड कसं कातायचं ते मला त्यांनी शिकवलं, आणि शिकवताना एकदाही आवाज चढवला नाही. कातून तयार झालेल्या जॉबवरून नुसतं बोट फिरवून ते सांगायचे, "अर्ध्या केसाने जाड आहे." मापून बघावं, तर खरोखर तेवढाच जाड. मोठ्या कंपन्यांचे इंजिनियर नकाशे घेऊन यायचे आणि दाजी त्यांच्यासमोर कागद उलटा-सुलटा करून म्हणायचे, "हे कागदावर बसतंय हो, मशीनवर नाही बसायचं." इंजिनियरचं तोंड उतरलं की दाजींचा तो दिवस छान जायचा.

एवढा राग कशाचा, ते वर्कशॉपमध्ये सगळ्यांना माहीत होतं. ती गोष्ट मला तर तोंडपाठ होती. दाजी एक वर्ष याच युनिव्हर्सिटीत इंजिनियरिंगला होते. घराण्यात तिथवर पोचलेला पहिलाच मुलगा, वडील फिटर. तोंडी परीक्षेत परीक्षकाने विचारलं, लेथवर हत्यार बरोबर मध्यावर बसलंय हे कसं ओळखशील? दाजींनी स्टीलची पट्टी उचलली आणि मशीनकडे निघाले. हत्याराचं टोक आणि जॉब यांच्यामध्ये पट्टी धरायची. ती सरळ उभी राहिली की झालं, हे त्यांना वडिलांनी दहाव्या वर्षीच दाखवलं होतं. परीक्षक म्हणाला, "हात खाली. तोंडाने सांग." आणि तोंडाने काही येईना. मागे मुलं हसली. "त्या माणसाने मला पाडलं," असं म्हणून दाजी गोष्ट संपवायचे. त्यांचा मुलगा दहावीनंतर सायन्स घेतो म्हणाला, तर दाजींनी त्याला वायरमनच्या कोर्सला घातलं. तो परगावी चांगलं कमावतो. तेही दाजी पुरावा म्हणून वापरायचे.

आणि अशा माणसाच्या बायकोने चव्वेचाळिसाव्या वर्षी युनिव्हर्सिटीत नाव घातलं.

ताई घरी शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत दोन मशीन, एक लांबलचक कटिंगचं टेबल, भिंतीला टांगलेले शाळांचे युनिफॉर्म, दवाखान्यांचे पांढरे कोट. एकदा युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेच्या कोटांची ऑर्डर होती. मापं घ्यायला गेली, तर तिथला माणूस जागेवर नाही. ताई टेप गळ्यात घालून कॉरिडॉरमध्ये उभी राहिली. शेजारच्या वर्गात भूगोलाचे सर विचारत होते, की पृथ्वी गोल आणि नकाशा सपाट. मग गोल वस्तू सपाट कागदावर न बिघडवता कशी पसरायची? ताई दारातूनच बोलून गेली, "नाही पसरता येत. कुठेतरी कापावं लागतं, नाहीतर चुण्या पडतात. आम्ही उलटं करतो, सपाट कापड गोल अंगावर बसवायचं तर टक्स घालतो."

सर दारापाशी आले. ताईला वाटलं, आता हाकलतात. ते म्हणाले, "आत या ना. बाहेर का उभ्या?"

त्या दिवशी ती कोटांची मापं न घेताच घरी आली. पंधरा दिवसांनी जेवताना तिने सांगितलं. मीही पानावर होतो.

"अहो, मी बी. ए.ला नाव घातलंय. भूगोल. सकाळचे तास आहेत, बाराच्या आत घरी."

दाजींनी घास तोंडात नेला, चावला, गिळला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पिकल्या पानाला पालवी फुटली म्हणायची."

"फुटू दे की," ताई म्हणाली. "झाड माझंच आहे."

मला हसू आलं. दाजींना आलं नाही.

सुरुवातीचे दिवस त्यांनी थट्टेत काढले. ताईला "प्रोफेसरीणबाई" म्हणायचे. भाजीत मीठ जास्त झालं, की "समुद्राचा धडा चालू आहे वाटतं" म्हणायचे. ताई सगळं हसण्यावारी न्यायची. उलट दुपारी ते जेवायला आले, की तासाला काय काय झालं ते पहिल्यापासून सांगत बसायची. वारे कसे वाहतात, नदी वळण का घेते. कटिंगच्या टेबलावर नकाशे पसरून खडूने रेघा दाखवायची. दाजी एकेक मुद्दा खोडून काढायचे. नदी वळते कारण तिला वळायचं असतं, यात शिकण्यासारखं काय आहे? पण ऐकायचे मात्र सगळं. आधी ते डबा आणायचे. ताई कॉलेजला जायला लागल्यापासून रोज दुपारी घरी जायला लागले, आणि बऱ्याचदा मलाही ओढून न्यायचे.

वर्कशॉपमध्ये मात्र त्यांचा चेहरा वेगळा असायचा. एकदा चहा पिता पिता मला म्हणाले, "तुझी ताई आज त्या सरांबद्दल चार वेळा बोलली. मोजलं मी."

मला वाटलं, असं आहे तर. या वयात नवऱ्याला संशय यावा म्हणजे हद्द झाली. मी काहीतरी समजुतीचं बोलणार, तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "वहीत तिचं अक्षरसुद्धा बदललंय." आणि कप तसाच ठेवून उठले.

एका सकाळी ड्रिलचे बिट आणायचं निमित्त काढून त्यांनी मला सोबत घेतलं. बिटचं दुकान राहिलं बाजूला, आम्ही युनिव्हर्सिटीसमोरच्या टपरीवर चहा घेऊन बसलो. थोड्या वेळाने ताई बाहेर आली, तीन-चार पोरी सोबत. एकीच्या स्कूटरच्या सीटवर वही ठेवून ताई काहीतरी काढून दाखवत होती. पोरी "मावशी, पुन्हा सांगा ना" म्हणत होत्या. तेवढ्यात ते सर तिथून चालले होते. ताईने त्यांना हाताने थांबवलं, वहीतलं काहीतरी दाखवून विचारलं. सरांनी मान हलवली, चष्मा लावून पुन्हा बघितलं आणि डोकं खाजवलं. ताई हसली.

मी दाजींकडे बघितलं. ते सरांकडे बघतच नव्हते. ते ताईच्या तोंडाकडे बघत होते.

"बघ कशी बोलते," म्हणाले. "चुकलं तरी बोलते. घाबरत कशी नाही ही बाई?"

तेव्हा मला कळलं की हे दुखणं नवऱ्याचं नाही. हे त्या तोंडी परीक्षेतल्या मुलाचं आहे. जी जागा त्याला मिळाली नाही तिथे ही टेप गळ्यात घालून गेली, आणि कुणी तिला हात खाली कर म्हणालं नाही.

वर्ष संपत आलं. ताईची प्रात्यक्षिक परीक्षा दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला होती. मी दाजींबरोबर जेवायला गेलो होतो. ताई दवाखान्यात कोट पोचवायला गेली होती, आमची ताटं झाकून ठेवून. आम्ही जेवत असताना घरातला जुना फोन वाजला. गिऱ्हाइकांसाठी ताईने तो ठेवला होता, आणि कॉलेजच्या फॉर्मवरही तोच नंबर दिला होता. दाजींनी डाव्या हाताने उचलला.

"हो, त्यांचंच घर. मी मिस्टर बोलतोय. उद्या? दोन नाही, साडेनऊ? सकाळी. बरं. सांगतो."

ठेवला आणि जेवायला बसले.

"कुणाचा होता?"

"कॉलेजच्या ऑफिसचा," म्हणाले. "आमटी वाढ."

ते सांगतीलच, असं मी धरून चाललो. न सांगण्यासारखं त्यात होतं काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास ताई थेट वर्कशॉपच्या दारात येऊन उभी राहिली. प्रात्यक्षिकासाठी नेलेला पांढरा कोट हातावर तसाच, नकाशांची गुंडाळी काखेत. प्रयोगशाळेला कुलूप होतं. बाहेरगावचे परीक्षक सकाळीच परीक्षा घेऊन गेले होते.

"मला कुणी कळवलंच नाही," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांना फोन गेले. मला एकटीलाच नाही."

दाजींनी मशीन बंद केलं नाही. जॉबवरची नजरही काढली नाही. म्हणाले, "मी आधीपासून सांगत होतो. तिथली माणसं अशीच."

ताई गेल्यावर मी त्यांच्या मशीनचं बटण दाबलं.

"दाजी, फोन आला होता."

"विसरलो."

"मग विसरलो म्हणून सांगा."

"सांगेन."

तीन दिवस गेले. त्यांनी सांगितलं नाही आणि, कबूल करतो, मीही नाही. त्यांच्या उपकारांचं ओझं होतं हे खरं, पण पूर्ण खरं ते नाही. ताई कटिंगच्या टेबलावर नकाशे पसरून मला समजावायची, तेव्हा माझ्याही पोटात थोडं दुखायचं. ती कुलूप बघून परत आली, तेव्हा मनाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात मला हुश्श झालं होतं. आज लिहितानाही लाज वाटते.

ताईने लेखी तक्रार केली. ऑफिसने कळवायला चूक केली हे ठरलं, तर तिची परीक्षा पुन्हा घेता येईल, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. फोन करायचं काम ज्या क्लार्ककडे होतं त्याला मेमो निघाला. त्याच्या रिटायरमेंटला सात महिने राहिले होते.

रविवारी तो क्लार्क घरी आला. बारीक चणीचा माणूस, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, काखेत रजिस्टर. मी तिथेच होतो. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"बाई, मी फोन केला होता," म्हणाला. "हे बघा, इथे लिहिलंय. एक वाजून वीस मिनिटं. 'घरी सांगितले.' पुरुषाचा आवाज होता. जेवत होते. म्हणजे, मला तसं वाटलं."

ताईने दाजींकडे बघितलं.

"आमच्याकडे फोन आला नाही," दाजी म्हणाले.

त्या माणसाने तोंड उघडलं, मिटलं. रजिस्टरचं पान पुन्हा काढलं, आमच्यापुढे धरलं. खरं तर त्याला खूप बोलता आलं असतं. पण तो नुसता पानावर बोट ठेवून उभा राहिला. शेवटी म्हणाला, "मग माझंच काहीतरी चुकलं असेल. एवढे फोन, एखादा नंबर इकडचा तिकडे..." आणि पायऱ्या उतरून गेला.

सोमवारी दाजी वर्कशॉपमध्ये आले ते कपडे न बदलताच. मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"काल तो क्लार्क उभा कसा होता, बघितलंस ना? चल."

युनिव्हर्सिटीच्या फाटकाशी पोचलो आणि दाजी थांबले. पोरंपोरी आमच्या दोन्ही बाजूंनी आत चालली होती. दाजींनी फाटकाच्या लोखंडी कडेवरून बोट फिरवलं, सवयीने.

"मला कुणी पाडलं नव्हतं," म्हणाले.

ते फाटकाकडे पाठ करून उभे राहिले.

"तोंडी परीक्षा महिन्याने पुन्हा द्यायची होती. परीक्षकच म्हणाला होता, तुला येतंय, बोलायचा सराव करून ये. मी इथपर्यंत आलो आणि परत फिरलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलो, पुन्हा परतलो. मग आलोच नाही."

"आणि मुलं हसली ते?"

"दोघं हसले. तिसऱ्याने मला त्याची वही देऊ केली होती. ते मी कुणाला सांगत नाही."

एवढं बोलून ते आत गेले. मी मागोमाग.

विभागप्रमुख म्हणजे ते भूगोलाचेच सर निघाले. दाजींनी खुर्ची घेतली नाही. त्या क्लार्कला बोलवा म्हणाले. तो येऊन दाराशी उभा राहिला तेव्हा दाजींनी बोलायला सुरुवात केली, आणि न अडखळता बोलले.

"फोन मी घेतला होता. यांनी नीट सांगितलं, मी नीट ऐकलं. बायकोला सांगितलं नाही. काल यांच्या तोंडावर खोटं बोललो. यांची काही चूक नाही."

"पण का?" सरांनी विचारलं.

"जळत होतो, साहेब."

सरांनी मेमोची फाईल पुढ्यात ओढली. मग क्लार्ककडे वळून म्हणाले, "तुमचा मेमो आज मागे घेतो." क्लार्कने खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. दाजींनी त्याला हात जोडले. त्याने जोडले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

"आता बाईंचं," सर म्हणाले. "चूक ऑफिसची असती, तर मला पुन्हा परीक्षक बोलावता आले असते. ती घरची ठरली. आता पुढच्या वर्षी, सगळ्यांबरोबर."

दाजींना हे माहीत नव्हतं. त्यांनी टेबलाची कड धरली. "म्हणजे मी बोललो म्हणून तिचं वर्ष गेलं?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून गेलं," सर म्हणाले. "आज फक्त कळलं."

घरी ताई टेबलावर कापड आखत होती. दाजींनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, फोनपासून पुढच्या वर्षापर्यंत. मी निघायला लागलो, तर ताई म्हणाली, "थांब तू. तूही होतास ना जेवायला?" मी मान खाली घातली.

तिने खडू ठेवला. दाजींना विचारलं, "कधीपासून?"

"तू सांगितलंस त्या दिवसापासून."

"मला वाटत होतं, मी सकाळी नसते म्हणून तुम्हाला एकटं वाटतं. म्हणून रोज दुपारी येऊन अक्षर न् अक्षर सांगत होते. मी आपली वाढत होते, आणि तुम्ही..." तिने कात्री उचलली आणि कापड कापायला घेतलं.

तिने भांडण केलं नाही, माहेरी आली नाही. स्वयंपाक करायची, हवं नको बघायची. फक्त अभ्यासातलं एक अक्षर दाजींना सांगायचं बंद केलं. नकाशे टेबलावरून उचलून कपाटात गेले. ती घरी पाऊल टाकायची ती तोंडाला कुलूप लावून. असं तीन वर्षं चाललं.

मला वाटलं होतं, दाजींना सुटल्यासारखं वाटेल. झालं उलटंच. ते वर्कशॉपमध्ये मला खोदून खोदून विचारायचे, "काल काय म्हणाली रे? वाळवंटाचं चाललंय का अजून?" ताईने मला माफ करायला महिना घेतला होता, पण नंतर ती माझ्याशी बोलायची. मी ऐकलेलं जमेल तसं सांगायचो, निम्मं चुकायचो, आणि दाजी चिडायचे. "तुला सांगून उपयोग काय? दगडावर पाणी!" एकदा म्हणाले, "तुला सांगते, मला नाही," आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी दोन दिवस त्यांच्या जवळ चहाला गेलो नाही. आता त्यांच्या जळण्याचा धनी मी होतो.

पुढच्या वर्षी ताईने प्रात्यक्षिक दिलं. एक वर्ष उशिरा बी. ए. झाली, मग एम. ए.ला गेली. पदवीच्या निकालाच्या दिवशी दाजी वर्कशॉपमधून हलले नाहीत. संध्याकाळी घरी गेले तेव्हा ताईने आपणहून निकालाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, दोनदा. "या विषयात कमी का?" म्हणाले. ताई म्हणाली, "तो पेपर कठीण होता. बसा, सांगते." हे मला ताईनेच सांगितलं. दाजी याबद्दल बोलले नाहीत.

यंदा माझी मुलगी बारावी झाली. पुढे शिकायचं की एखादा कोर्स करून कामाला लागायचं, या विचारात होती. एका सकाळी वर्कशॉपमध्ये आली आणि मला वळसा घालून सरळ दाजींपुढे उभी राहिली. "आतोबा, तुम्ही सांगा. जाऊ का युनिव्हर्सिटीत?"

जुने दाजी असते तर शहाण्यांची गाढवं कशी होतात ते ऐकवलं असतं. त्यांनी मशीन बंद केलं.

"मला विचारू नकोस, बाळ. या बाबतीत माझी जीभ वाकडी चालते. मी सांगेन त्यात माझंच काहीतरी असेल, तुझं नसेल. आत्याला विचार."

"तिला विचारलं. ती म्हणाली, आतोबांनाही विचार."

दाजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "असं म्हणाली?" त्यांनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, "गेलीस आणि तोंडातून शब्द फुटला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. मला एवढंच माहीत आहे."

ती गेली. आता आठवड्यातून एकदा वर्कशॉपवरून जाताना थांबते आणि तासाला काय झालं ते आतोबांना सांगते. ते कुरकुरतात, हुज्जत घालतात, आणि ती निघाली की "मग पुढे तो मास्तर काय म्हणाला?" म्हणून परत बोलावतात.

परवा ती गेल्यावर मी त्यांना विचारलं, "काय दाजी, अजून जळतं का?"

"जळतं की," म्हणाले. "तुला नाही जळत?"

मी लेथ सुरू केला. मला दुपारपर्यंत सहा बुश कातून संपवायचे होते.